आबांच्या युद्धनौकेची बॅटरी

आमच्या घाटकोपरच्या घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर एक युद्धनौका आहे. साडेचार फूट लांब, राखाडी रंगाची. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघतात आणि मग आमची विचारपूस करतात. ती माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी बांधली. आबा गोदीत फिटर होते. ज्या जहाजाच्या दुरुस्तीत त्यांची निम्मी नोकरी गेली, ते जहाज पुढे भंगारात निघालं. तेव्हा आबांनी ते घरातच पुन्हा बांधायला घेतलं, नकाशाबिकाशा न घेता, नुसतं आठवून. खाली प्लायवूड, वर पितळी पत्र्याचे मनोरे, आणि काडेपेटीतल्या काडीएवढ्या तोफा. डेकच्या कडेच्या रेलिंगलाच एक वर्ष लागलं. सगळी मिळून सहा वर्षं गेली, आणि त्या सहा वर्षांत आमच्या जेवणात लाकडाचा भुसा पडला नाही असा दिवस मला आठवत नाही.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदूने डावा डोळा गेलाच आहे, उजवा थेंब घालून सांभाळायचा, जितके दिवस राहील तितके. आबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे. घरी आले, खुर्चीत बसले, फळीकडे बराच वेळ बघत राहिले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आता ह्यां पाण्यात चलताना माका बघूचां आसा."

नवरा म्हणाला, "बघू या की."

"मग तिका इचार, मोटर खंयची घालूची."

ती म्हणजे मी. मी समोरच, चार हातांवर, गवार मोडत बसले होते.

हे जरा नीट सांगायला हवं. मी सव्वीस वर्षं अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये मोटर वाइंडिंग करते. जळलेली मोटर येते, आम्ही तिची जुनी तार काढून नवी गुंडाळायची आणि चालू करून परत द्यायची. पंप, पंखे, लिफ्ट, काय वाटेल ते. मोटरीचा आवाज ऐकून तिचं काय दुखतंय ते मी सांगू शकते. म्हणजे आबांना जे हवं होतं ते घरातच होतं. अडचण एवढीच की आबा माझ्याशी बोलत नसत.

सासऱ्याने सुनेशी थेट बोलू नये अशी आमच्याकडे रीत आहे, असं सासूबाई सांगायच्या. असेलही. पण धाकट्या जावेशी आबा तासन्‌तास गप्पा मारायचे. ती त्यांच्याच गावाकडची. मी मराठवाड्यातल्या बौद्ध घरातली, आणि लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. आबा मला कधी वाकडं बोलले नाहीत, हे खरंच सांगते. माझ्या हातचं पहिल्या दिवसापासून जेवले. मला टायफॉइड झाला तेव्हा "तिका मोसंबी आण" म्हणून नवऱ्याला तीनदा खाली पिटाळलं. फक्त मला कधी काही विचारलं नाही. जे असेल ते नवऱ्यामार्फत. अठ्ठावीस वर्षं. पहिली काही वर्षं मला संताप यायचा, मग मी मुद्दाम भांडी आपटायला लागले, आणि पुढे सवय झाली. सवय झाली म्हणजे राग गेला असं कुणी समजू नये.

तर मोटर. माझा नवरा औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. त्याला मोटरीतलं काही कळत नाही, पण मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले की त्याला सगळंच कळतं. मला न विचारता त्याने ऑनलाइन दोन मोटरी मागवल्या, ड्रोनला लावतात तसल्या, बोराएवढ्या. सोबत लिथियमची बॅटरी, चॉकलेटच्या वडीएवढी आणि तितकीच हलकी.

"मिनिटाला वीस हजार फेरे!" तो म्हणाला. "झकास आहे ना?"

"अरे, युद्धनौका आहे ती. मिक्सर नाही."

त्याला पटेना. मग मी आबांनी पितळेचा घडवलेला पंखा त्या मोटरीला लावला, बादलीत धरला आणि बटण दाबलं. बादलीतलं पाणी माळ्यापर्यंत गेलं, कॅलेंडर भिजलं, आणि बादलीत उरला नुसता फेस. खुर्चीतून आबा म्हणाले, "तिका सांग, पाणी उडवूचां नाय, जहाज ढकलूचां आसा."

नवरा चेहरा पुसत माझ्याकडे वळला. "आबा म्हणतायत की–"

"ऐकलं मी."

पण मनातून मला बरं वाटलं. बोलले ते अगदी मुद्द्याचं होतं. मोठा पंखा सावकाश पण जोर लावून फिरवायचा असतो. उसाचा चरक भरभर फिरला असता तर रस निघाला असता का? वेग आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नव्या कामगारांना दर वर्षी शिकवावं लागतं. घरातल्या माणसाला तर कितीदा शिकवलं त्याला हिशेब नाही.

आमच्या वर्कशॉपच्या शेजारी एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे मोडलेली झेरॉक्स मशीन येतात. त्यांच्या पोटात चोवीस व्होल्टच्या फार गुणी मोटरी असतात. त्या चोवीसऐवजी बारा व्होल्टवर चालवल्या की निम्म्याच वेगाने फिरतात, तापत नाहीत आणि आवाज तर नाहीच. जहाजाला अशीच मोटर हवी. मी त्याच्याकडून आठ उचलून आणल्या आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक लावून बघितली. किती करंट खाते, दहा मिनिटांनी अंगठा ठेवला तर चटका बसतो का, बंद केल्यावर किती वेळ गरगरत राहते. आबांच्या जहाजाला दोन पंखे, म्हणून मोटरी दोन, आणि त्या अगदी सारख्या हव्यात. एक जोरकस आणि एक मवाळ असली तर जहाज सरळ जाणारच नाही, मवाळ मोटरीच्या बाजूला वळत राहील. आठातून दोन जुळल्या. त्या मी घरी आणून टेबलावर ठेवल्या तेव्हा आबांनी त्या हातात घेऊन दांडा बोटांनी फिरवून बघितला, कानाशी नेला, पुन्हा फिरवला.

"तिका सांग, बरे आसत," ते नवऱ्याला म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिका सांग, राखाडी रंग लावूक व्हयो."

"आबा, त्या आत जाणार. कोण बघणार?" नवरा म्हणाला.

"कोण बघूचो नाय. पण माका म्हायत आसा मां."

मी दोन्ही मोटरींना रंग लावला. या बाबतीत माणूस माझ्याच जातकुळीचा निघाला. मीसुद्धा वाइंडिंगचा धागा नीटनेटका बांधते, झाकण लावल्यावर तो कुणाला दिसणार नसला तरी.

मोटरी आत बसवायला आबांनी मागच्या, हेलिकॉप्टर उतरतं त्या डेकला झाकण ठेवलं होतं, त्यामुळे त्या सरळ बसल्या. घोळ झाला बॅटरीचा. बॅटरी म्हटल्यावर आबांच्या डोळ्यांसमोर टॉर्चचे सेल होते. म्हणून जहाजाच्या मधोमध, मनोऱ्याखाली, त्यांनी भोक ठेवलं होतं ते साबणाच्या डबीएवढं.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक सिमेंटचा हौद आहे. पाण्यात बुडवून चालवायचे पंप त्यात तपासतात. कंबरभर पाणी असतं. शेठला विचारून एका रविवारी आम्ही तिघं जहाज घेऊन निघालो. मेट्रोच्या दारातल्या गार्डने चादर बाजूला करून तोफा बघितल्या, सलाम ठोकला आणि म्हणाला, "तोप चलेगा अंकल, लंबाई नहीं चलेगा." मग रिक्षा केली. जहाज आडवं बसेना, म्हणून त्याचं टोक अंधेरीपर्यंत बाहेर काढून ठेवलं आणि नवरा मागच्या गाड्यांना हात करत राहिला.

हौदात सोडल्यावर जहाज तरंगलं, पण कसं? आबांनी पोटावर एक लाल रेघ काढली होती, पाणी जिथपर्यंत यायला हवं तिथे. ती रेघ पाण्याच्या दोन बोटं वर राहिली आणि जहाज जरा फुंकर मारली तरी डुलायला लागलं. वर पितळेचे मनोरे, आणि पोटात काहीच नाही. मी घरून तांदळाच्या पुड्या आणल्या होत्या. हाताने जहाज धरून एकेक पुडी डेकवर ठेवत गेले. अडीच किलो झाले तेव्हा पाणी रेघेला टेकलं.

मग मला हवी ती बॅटरी ठरली. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती, शिशाची, बारा व्होल्टची, बंद डब्यातली. वजन दोन किलोच्या वर. दुकानदार तिला जड म्हणून नावं ठेवतात. इथे तो जडपणाच हवा होता. ती आडवी करून तळाला ठेवली की काम झालं. मी नवऱ्याला म्हटलं, "वजन घ्यायचंच आहे तर ते कामाचं घ्या. फक्त डेक कापून भोक मोठं करावं लागेल. वीतभर लांब."

आबांनी ऐकलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा वर्सां घातलंय ह्याच्यात. डेक कापूक देवचंय नाय. सांग तिका."

पुढच्या आठवड्यात आबा नवऱ्याला घेऊन माहुलला गेले आणि कोळ्यांकडून जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी पिशवी भरून घेऊन आले. ते त्या लहान भोकातून आत सोडायचे आणि वर ती हलकी लिथियमची बॅटरी. डेकला हात लावायला नको. मी पोळ्या करत होते. स्वयंपाकघरातूनच नवऱ्याला म्हटलं, "सांग त्यांना, शिसं सुटं ठेवलंत आणि जहाज वळलं की ते एका बाजूला घरंगळणार आणि जहाज आडवं होणार. वाट लागेल!" नवरा बाहेर गेला. तो काय बोलला ते मला कुकरच्या शिट्टीत ऐकू आलं नाही. परत आला आणि म्हणाला, "सांगितलं." मला वाटलं, सांगूनही ऐकत नसतील तर मी कोण? मीही गप्प बसले. तिथे चुकलं माझं.

पुन्हा रविवार, पुन्हा हौद. या वेळी सगळं साग्रसंगीत. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नवऱ्याने मागवलेला रिमोट त्यांच्याच हातात होता. त्यांनी अंगठा हळूच पुढे ढकलला आणि जहाज निघालं. काय सांगू! पुढे पाण्याची बारीक मिशी फुटली, मागे दोन सरळ रेघा, आणि आवाज नाही. माझ्या मोटरी होत्या त्या. आबा हौदाच्या काठाला अगदी चिकटून, उजवा डोळा बारीक करून बघत होते आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. एवढे खूश मी त्यांना नातवाच्या बारशातही पाहिले नव्हते.

मग भिंत आली, आणि त्यांनी जहाज वळवलं. आतून खळखळ आवाज आला. जहाज कलंडलं, वाटलं सावरेल, सावरलं नाही. आणखी कलंडलं आणि त्या साबणाच्या डबीएवढ्या भोकातून पाणी गटागट आत शिरायला लागलं.

"धर गो ताका! धर!"

मी विचार केलाच नाही. चपलांसकट हौदात उडी मारली आणि जहाजाला पोटाशी कवटाळलं. कंबरभर थंड पाणी, तेलाचा तवंग, आणि माझ्या छातीवर तोफा रुतलेल्या. त्या लिथियमच्या बॅटरीतून बुडबुडे यायला लागले होते, ती मी ओढून काढली आणि आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत फेकली. तिथे ती बराच वेळ धुमसत राहिली. जहाज वर घेतलं. रेलिंग एका बाजूने वाकलं होतं, बाकी शाबूत.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आबा माझ्याशी बोलले होते. पण आनंद करायला उसंत मिळाली नाही, कारण ते अजून बोलतच होते, आणि चांगले तापले होते.

"तुका म्हायत होतां ह्यां! तू मोटरीतली बाय, तुका म्हायत होतां! मग माका सांगूक नाय कित्याक?"

"सांगितलं होतं!" मी हौदातूनच ओरडले. मीही काही कमी तापलेली नव्हते. "शिसं घरंगळेल, जहाज आडवं होईल, वाट लागेल, असं शब्दाला शब्द सांगितलं होतं!"

"माका खंय? माका ह्यो म्हणालो, ती म्हणता चालात, जरा सांभाळून!"

आम्ही दोघांनी एकदम नवऱ्याकडे पाहिलं. तो टॉवेल घेऊन उभा होता. त्याने टॉवेलची घडी घातली, मग मोडली.

"मी जरा सौम्य करून सांगितलं," तो म्हणाला. "घरात कशाला उगाच."

"अठ्ठावीस वर्सां असांच करतस काय रे?" आबांनी विचारलं.

त्याने टॉवेल माझ्यापुढे धरला. म्हणजे करत होता. माझ्या डोक्यात लखकन् आलं की मी रागाने पाठवलेलं कितीतरी आबांपर्यंत गुळमट होऊन पोचलं असणार. आणि आबांनी माझ्यासाठी काय काय पाठवलं असेल, तेही वाटेत कुठे कुठे सांडलं असणार. पत्र पोचवणाऱ्यानेच ती उघडून दुरुस्त केली तर भांडायचं कुणी आणि समेट करायचा कुणी? मला नवऱ्याचा इतका राग आला की मी हसायलाच लागले. हौदात उभी राहून, गळ्यात जहाज घेऊन. मग नवरा हसला. आबा हसले नाहीत. ते शेठच्या स्टुलावर बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "गलबताचो नीरम कधी सुटो ठेवनत नाय. माझ्या बापाशीन शिकवलेलां माका." नीरम म्हणजे गलबत डुलू नये म्हणून तळाला भरतात ते दगड. त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते. म्हणजे आबांना हे सगळं माझ्या आधीपासून ठाऊक होतं. डेकच्या मायेपोटी ते विसरले होते, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

त्यानंतर चार दिवस जहाज खिडकीत वाळत पडलं आणि आबा पुन्हा नेहमीसारखे गप्प झाले. मला वाटलं, संपलं. हौदावरचं बोलणं घाईचं होतं, आग लागली की माणूस कुणालाही हाक मारतो.

पाचव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात आले. जहाज दोन्ही हातांवर आडवं धरलेलं, पेन्सिल कानावर. नवरा आत आंघोळीला होता, आणि ते आबांना चांगलं माहीत होतं.

"खंय कापू?"

मी हात पुसले आणि जहाज त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवलं. यूपीएसची बॅटरी मी आधीच आणून पलंगाखाली लपवली होती, ती काढली, डेकवर ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिलीने चौकोन काढला. त्यांना ती रेघ दिसेना, म्हणून पुन्हा जाड काढली. मग त्यांनी करवतीचं पातं धरलं, मी त्यांच्या मनगटाला हात लावून रेघेवर ठेवलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते डेक कापलं. मधे एकदा आबांचे डोळे भरून आले. मी बघितलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी मी कामावर दीड तास उशिरा पोचले. बॅटरी लाकडी पट्ट्यांमध्ये अशी आवळून बसवली की जहाज उलटं धरलं तरी जागची हलू नये.

मग हौद सोडून आम्ही तिघं मोकळ्या तलावावर गेलो, तो दिवस ढगाळ होता. सकाळी फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. मी जहाज पाण्यात ठेवलं. पाणी बरोबर लाल रेघेला टेकलं. आबांनी रिमोट घेतला, जहाज निघालं, वळलं, थोडं कललं आणि सरळ झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने शिट्टी मारली. मी आबांकडे बघितलं तर ते रिमोट छातीशी धरून मान इकडेतिकडे फिरवत होते.

राखाडी जहाज, राखाडी पाणी. युद्धनौकेला तो रंग देतातच मुळी दिसू नये म्हणून. हौदात ती हाताच्या अंतरावर होती. इथे वीस-पंचवीस फूट गेली आणि आबांच्या एका डोळ्यातून नाहीशी झाली. ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच होत नव्हतं. नवरा त्यांच्या शेजारीच उभा होता. आबांनी त्याच्याकडे मान वळवली नाही.

"माका दिसणा नाय," ते मला म्हणाले. "खंय आसा गो?"

"उजवीकडे, आबा. त्या मोठ्या झाडाच्या समोर. आता हळूहळू डावीकडे घ्या. अजून. बस. आता सरळ चाललंय, पुढे पांढरी मिशी फुटलीय, मागे दोन रेघा, एकदम सारख्या."

"आणि कलता काय?"

"नाही कलत. आता एक बदक आडवं आलंय, थांबा, ते घाबरलं, पळालं."

आबा हसले. अंगठा त्यांनी थोडा आणखी पुढे ढकलला. "सांगत रव," ते म्हणाले.

ड्रोनची बॅटरी असती तर दहा-बारा मिनिटांत गप्प व्हावं लागलं असतं. ही शिशाची जड बॅटरी तासाच्या वर चालली, आणि तेवढा सगळा वेळ मी आबांशी बोलत होते.